अंश आणि चव : मद्यपरीक्षेच्या इतिहासातील एक प्रश्न

ब्रिटिश अमदानीतील आबकारी अहवालांत मोहाच्या दारूला दोनच गुण असतात : तिचे माप आणि तिचा अंश. किती गॅलन दारू खपली व तिची तीव्रता किती होती, एवढे ठरले की कर ठरतो. आणि कर ठरला की दप्तराची जिज्ञासा संपते. ती दारू चांगली होती की वाईट, ज्या फुलांपासून ती काढली ती कोणत्या माळावरची होती, कोणत्या साली फुले भरघोस आणि गोड आली व कोणत्या साली अवकाळी पावसाने काळी पडली, याविषयी हे अहवाल मौन पाळतात. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा आणि त्याच्या आसपासची भिल्ल, कोकणी, मावची वस्तीची गावे या अहवालांत येतात ती याच रीतीने. पिणाऱ्यांची संख्या, दुकानांची संख्या आणि गुन्ह्यांची संख्या त्यांत मिळते. पिणाऱ्याचे मत मात्र कोठेही मिळत नाही.

याच काळात फ्रान्समधील बोर्दो प्रांताची कागदपत्रे याच्या अगदी उलट टोकाला होती. तेथे मळ्यामळ्याच्या तांबड्या वाइनविषयी, सालवार, दलालांनी लिहून ठेवलेले अभिप्राय आहेत. या दोन दप्तरांतील अंतरावरून एक निष्कर्ष सहज काढला जातो, आणि तो काढणारे थोडे नाहीत : बोर्दोच्या लोकांना रसना होती, सातपुड्याच्या लोकांना केवळ नशा हवी होती. हा निष्कर्ष साधनांच्या स्वरूपाचा विचार न करता काढलेला आहे. चवीची नोंद राहते ती जीभ तीक्ष्ण असल्यामुळे नव्हे, तर त्या जिभेच्या शब्दाला व्यवहारात किंमत असल्यामुळे. प्रस्तुत निबंधात हे दोन्ही दाखले शेजारीशेजारी ठेवून पाहावयाचे आहेत.

प्रथम फ्रेंच परीक्षेची रीत पाहिली पाहिजे, कारण तिच्याविषयी आपल्याकडे एक तर अकारण आदर असतो किंवा अकारण थट्टा. बोर्दोची तांबडी वाइन परीक्षकापुढे येते तेव्हा तो प्रथम पेला पांढऱ्या कापडावर तिरका धरतो आणि द्रवाच्या कडेचा रंग पाहतो. कोवळ्या मद्याच्या कडेला जांभळी झाक असते. वर्षे जातात तशी ती विटकरी आणि पुढे तपकिरी होते. वयाचा हा पहिला पुरावा होय. मग पेला न हलवता एकदा व हलवून दुसऱ्यांदा वास घेतला जातो. काबर्ने द्राक्षाचे प्रमाण अधिक असलेल्या मेदॉकच्या वाइनला तरुणपणी काळ्या करंट फळाचा, आणि वय वाढल्यावर देवदार लाकडाचा व तंबाखूच्या डबीचा वास येतो असे परीक्षक लिहितात. तिसरी पायरी घोटाची. घोट तोंडात घोळवून आंबटपणा, अल्कोहोलची ऊब आणि तुरटपणा हे तीन घटक एकमेकांशी कसे बसले आहेत ते पाहावयाचे, आणि घोट थुंकल्यावर चव किती क्षण टिकते तेही मनात मोजावयाचे. व्यवसायी परीक्षक गिळत नाही, कारण एका सकाळी त्याला डझनावारी नमुने पाहावे लागतात.

यांपैकी तुरटपणा हा कळीचा गुण. तो द्राक्षाच्या साली, बिया व ओकच्या पिंपाचे लाकूड यांतून येतो, आणि कोवळ्या वाइनमध्ये कच्च्या जांभळासारखा जिभेला धरतो. काळाच्या ओघात तुरट द्रव्याचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, काही साका होऊन बाटलीच्या तळाशी बसतात, आणि मद्य मऊ होते. आपल्या षड्रसांत कषायाला स्वतंत्र स्थान आहे. त्यामुळे ही कल्पना मराठी वाचकाला वस्तुतः कठीण जाऊ नये; हिरडा आणि सुपारी यांच्या तुरटपणांतील भेद आपल्या आजीबाई सहज सांगत.

'व्हिंटेज' म्हणजे ज्या सालच्या द्राक्षांचे मद्य त्या सालाचा शिक्का. बोर्दोमध्ये सालासालांत मोठे अंतर पडते, कारण तेथील हवामान द्राक्ष पिकण्याच्या उत्तर सीमेच्या जवळ आहे. १९५६ च्या फेब्रुवारीतील हिमाने असंख्य वेली मेल्या. १९६१ साली वसंतातील थंडीने फळधारणा घटली; पण पुढचा उन्हाळा कोरडा व उष्ण गेल्याने जे थोडे घड राहिले त्यांचा रस असाधारण दाट झाला, आणि ते साल शतकातील उत्तम सालांत गणले गेले. १९६३ व १९६५ ही साले मात्र पावसाने व कुजीने वाया गेली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. परीक्षकाचा अभिप्राय हा वर्तमानाविषयीचा नसून भविष्याविषयीचा असतो. सुगीनंतरच्या वसंतात पिंपातील कच्चा, जिभेला बोचणारा नमुना चाखून हे मद्य वीस वर्षांनी काय होईल ते सांगावयाचे असते. १९८३ च्या वसंतात रॉबर्ट पार्कर या अमेरिकन परीक्षकाने १९८२ च्या सालाची मुक्तकंठाने स्तुती केली, त्या वेळी इतर काहींना ते मद्य टिकेल असे वाटत नव्हते. काळाने पार्करचा निर्णय पुष्कळ अंशी खरा ठरविला, आणि त्याच्या शंभर गुणांच्या मापाचा दबदबा त्या एका सालापासून वाढला. भाकिताची अशी कसोटी लागते म्हणूनच या विद्येला शिस्त आली.

तथापि या शिस्तीचा पाया जिभेत किती आणि बाजारात किती, हे १८५५ च्या प्रसिद्ध वर्गीकरणावरून कळते. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसला भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या व्यापारी मंडळाने दलालांच्या संघाकडे उत्तम मद्यांची यादी मागितली. दलालांनी ती थोड्याच दिवसांत, १८ एप्रिल १८५५ रोजी, पाठविली. तांबड्या वाइनचे पाच वर्ग केले होते, आणि पहिल्या वर्गात शातो लाफीत, शातो लातूर, शातो मार्गो व मेदॉकच्या बाहेरचे एकटे शातो ओ-ब्रियाँ अशी चार नावे होती. (यांतील लातूरचा मराठवाड्याशी काही संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगावे लागते.) इतक्या थोड्या दिवसांत एवढ्या मळ्यांची मद्ये नव्याने चाखून त्यांचा क्रम लावणे शक्यच नव्हते. दलालांनी आपल्या वह्यांतील अनेक दशकांचे भाव पाहिले आणि भावांच्या उतरत्या क्रमाने नावे लिहिली. ही यादी पुढे एकदाच म्हणण्यासारखी बदलली : १९७३ मध्ये शातो मूताँ दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात आले.

म्हणजे चवीचा म्हणून जो सर्वांत मान्य दस्तऐवज, तो प्रत्यक्षात भावाचा दस्तऐवज होता. त्याने तो खोटा ठरत नाही. भाव हा असंख्य चाखण्यांचा साका असतो. पण तो साठवून ठेवणारा कोणी तरी लागतो. बोर्दोमध्ये मळेवाला आणि व्यापारी यांच्या मधोमध दलाल उभा होता, आणि त्याच्या जिभेवर दोघांचे पैसे अवलंबून होते, म्हणून त्याची वही जपली गेली. पुढे भेसळीच्या तक्रारी माजल्यावर १९३५ मध्ये फ्रेंच कायद्याने प्रदेशनामाचे संरक्षण दिले आणि कोणत्या भूमीवर कोणत्या जातीची द्राक्षे लावून कोणत्या रीतीने मद्य करावे ते ठरविले. चव, भाव आणि कायदा असे हे तीन थर एकावर एक बसले. त्यांना एकमेकांपासून वेगळे करणे आता परीक्षकालाही कठीण जाते. १९७६ च्या मे महिन्यात पॅरिसला नावे झाकून झालेल्या परीक्षेत फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाच्या १९७३ च्या एका तांबड्या वाइनला मूताँच्या १९७० च्या वर बसविले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतील एका प्रयोगात पांढऱ्या वाइनला वासरहित तांबडा रंग देऊन ती चोपन्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यात आली. त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. डोळ्याने नाकाला आधीच साक्ष पढविली होती. इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. साक्षीदार असाच असतो, आणि तरीही त्याची साक्ष टाकून देता येत नाही.

भूमीच्या नावाने मद्य ओळखण्याची कल्पना भारताला परकी होती असेही नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधू असे प्रकार सांगितले आहेत. त्यांतील मधू म्हणजे द्राक्षाचे मद्य, आणि त्याची ओळख त्याच्या देशावरून होते असे सांगून कापिशायन व हारहूरक ही दोन नावे ग्रंथकार देतो. त्याच प्रकरणात उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगी चार दिवस मद्य करण्याची मोकळीक आहे. राज्याचे नियंत्रण कडक असूनही, मद्याला प्रदेश असतो आणि प्रसंग असतो या दोन्ही गोष्टी तेथे गृहीत धरल्या आहेत. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यात या दोहोंचा मागमूस राहिला नाही.

मोहाकडे वळण्यापूर्वी प्रदेशाविषयी दोन शब्द. धानोरा नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत; येथे अभिप्रेत आहे ते तापीच्या खोऱ्यातील, गुजरातच्या हद्दीपासून फार दूर नसलेले. १८१८ पासून हा मुलूख इंग्रजी खानदेशात होता. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा तो पश्चिम खानदेशात, पुढे धुळे जिल्ह्यात, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आला. या जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११ च्या गणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. द्राक्षाचा मळा हा या भूमीचा वारसा नव्हे. मोहाचे झाड आहे.

मोह फाल्गुन-चैत्रात फुलतो. त्याची मांसल, फिकट फुले रात्री उमलून पहाटे गळतात, आणि उन्हे चढण्यापूर्वी बायका-मुले ती वेचतात. फूल अन्न आहे, गुरांचा चारा आहे, टंचाईच्या दिवसांतील आधार आहे, आणि वाळवून ठेवले की पुढे दारूचे द्रव्य आहे. भिजविलेली फुले मडक्यात आंबवून ती भट्टीवर चढवितात आणि वाफ नळीने दुसऱ्या भांड्यात थंड करून उतरवून घेतात. या कामात परीक्षेच्या जागा पावलोपावली येतात. फूल नीट वाळले आहे की ढगाळ हवेत बुरसले, हे वासावरून. आंबवण पुरते झाले की नाही, हे फेसावरून व त्याचा बुडबुडणारा आवाज थांबण्यावरून. आच मंद राहिली की जळका वास लागला, हे पहिल्या घोटावरून. उतरलेल्या दारूची तीव्रता विस्तवावर थेंब टाकून, ज्वाळा कशी धरते ते पाहून जोखतात. 'पहिल्या धारेची' हा मराठीत सर्वत्र रूढ झालेला शब्दप्रयोग या भट्टीवरचाच पारिभाषिक शब्द होय. कोणत्या धारेची दारू कोणत्या कामाची, हा भेद त्यात गोठला आहे. शिवाय ही दारू केवळ पिण्याची वस्तू नव्हती. पिण्याआधी देवाच्या व पूर्वजांच्या नावाने जमिनीवर धार सोडावयाची, सोयरीक ठरली की दोन्ही पक्षांनी ती घेऊन शब्द पक्का करावयाचा, हे आचार या समाजांत होते. अशा प्रसंगी वाईट दारू पुढे करणे हा यजमानाचा उणेपणा ठरणार हे उघड आहे. जेथे अब्रू गुंतते तेथे परीक्षा असतेच.

आबकारी कायद्याने यांतील एकच परीक्षा उचलली, ती अग्नीची. आणि तीही तिच्या इंग्रजी रूपात. इंग्लंडमध्ये मद्याचे 'प्रूफ' ठरविण्याची जुनी रीत म्हणून जी सांगतात, ती बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटविण्याची. ती पेटली तर मद्य कसास उतरले. पुढे साइक्स याचे द्रवघनतामापक यंत्र १८१६ च्या कायद्याने मान्य झाले आणि प्रूफ म्हणजे घनफळाने सुमारे ५७ टक्के अल्कोहोल असा हिशेब बसला. पंचवीस अंश खाली म्हणजे अदमासे ४३ टक्के. साठ अंश खाली म्हणजे अदमासे २३ टक्के. वस्तुतः लंडनचा आबकारी शिपाई आणि सातपुड्याचा भट्टीवाला एकच प्रश्न एकाच साधनाने विचारीत होते. एकाच्या प्रश्नाचे यंत्र झाले आणि यंत्राचा कायदा झाला. दुसऱ्याची पद्धत गुन्ह्याचा पुरावा ठरली, कारण १८७८ नंतर परवान्याशिवाय घरी भट्टी लावणेच बेकायदा झाले. दारू काढावयाची ती सरकारमान्य भट्टीत व मक्तेदाराने, विकावयाची ती परवान्याच्या दुकानात, आणि कर अंशानुसार. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत तर १८९२ च्या कायद्याने खुद्द मोहफुलांच्या साठवणुकीवर व ने-आणीवर निर्बंध आले.

या व्यवस्थेचा परिणाम महसुलापुरता सांगून इतिहासकार थांबतात. परीक्षेवरील परिणाम अधिक खोल होता. ज्याने फूल वेचले त्याने दारू काढावयाची नाही आणि ज्याने काढली त्याला ती कोण पिणार हे ठाऊक नाही, अशी फारकत पडली. सालाचा, झाडाचा व हाताचा संबंध तुटल्यावर दुकानातील गिऱ्हाईकाला विचारण्यासारखा प्रश्न एकच उरला : पाणी किती घातले आहे? म्हणजे आदिवासी गिऱ्हाईक केवळ तीव्रता पाहतो अशी जी तक्रार केली जाई, तिच्यातील स्थिती बऱ्याच अंशी त्या व्यवस्थेनेच निर्माण केली होती. बोर्दोचा दलाल नाहीसा करून शातो लाफीत सरकारी पिंपात इतरांबरोबर ओतले असते, तर फ्रेंच गिऱ्हाईकही लवकरच अंश विचारू लागला असता.

येथवरचा युक्तिवाद मान्य केला तरी एक आक्षेप राहतो, आणि तो गंभीर आहे. ही चव जर इतकी मोलाची होती, तर याच लोकांनी ती आपण होऊन का टाकली? १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडे उगम पावलेली देवीची चळवळ नाशिक, सुरगाणा, डांग या मार्गाने सुरत जिल्ह्यात आणि खानदेशातही पोहोचली. अंगात आलेल्या माणसांच्या मुखाने देवी सांगे : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूच्या दुकानदाराशी व्यवहार ठेवू नका. गावेच्या गावे पाळू लागली. १९३७-३८ मध्ये तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांच्या भोवती हजारो भिल्ल जमू लागले. आरती, स्वच्छता, दारूचा त्याग आणि एकमेकांना 'आप' म्हणून संबोधणे, ही तेथील शिकवण होती. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ती पुढे चालविली.

डेव्हिड हार्डिमन यांनी देवीच्या चळवळीवरील आपल्या ग्रंथात (१९८७) दाखविले आहे की, हा त्याग निव्वळ वरिष्ठ जातींचे अनुकरण नव्हता. दक्षिण गुजरातेत दारूचा दुकानदार हाच सावकार व जमीनमालक होता, आणि दारू सोडणे म्हणजे त्याची पकड सोडविणे होते. हे विवेचन मान्य होण्यासारखे आहे. त्याला एवढीच पुस्ती जोडता येईल की, लोकांनी टाकली ती दुकानाची दारू होती, अंशाची दारू होती. घरच्या भट्टीशी त्यांचे नाते कायद्याने आधीच तोडले होते. तथापि ही पुस्तीही फार ताणू नये. देवीच्या आज्ञेत घरची व दुकानची असा भेद नव्हता, आणि 'आप' म्हणवून घेण्यातील प्रतिष्ठेपुढे जुन्या चवीची किंमत त्या लोकांना कमी वाटली असेल, तर तो त्यांचा निर्णय होय. इतिहासकाराने त्यांच्या वतीने हळहळण्याचे कारण नाही. १९७२-७३ मध्ये शहादे भागात श्रमिक संघटनेच्या काळात आदिवासी स्त्रियांनी गावोगाव दारूची मडकी फोडली, तेव्हा त्यांच्या दृष्टीने त्या मडक्यात नवऱ्याची मारहाण आणि बुडालेली मजुरी होती. मोहाच्या परीक्षेचा जो इतिहास या स्त्रियांना वगळून लिहिला जाईल तो रसिकतेचा इतिहास होईल, समाजाचा नव्हे. आणि पहाटे फुले वेचणारे हातही मुख्यतः स्त्रियांचेच होते, हे विसरता कामा नये.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यात सांगता येतो. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात आणि १९५० पासून प्रत्यक्षात पूर्ण दारूबंदी आली. १९६० मध्ये राज्य दुभंगल्यावर गुजरातने ती कायम ठेवली, महाराष्ट्राने क्रमाने शिथिल केली. धानोऱ्याच्या पश्चिमेस थोड्या अंतरावर तोच मोह, तीच बोली आणि सोयरेही तेच. कायदा मात्र दुसरा, अशी स्थिती तेव्हापासून आहे. वाइनचा उदय झाला तो महाराष्ट्राच्या दुसऱ्या भागात. १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांच्या कारखान्यात फ्रेंच साहाय्याने फेसाळ वाइन तयार होऊ लागली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले, आणि नाशिक खोऱ्यातील वाइनला पुढे भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षणही मिळाले. म्हणजे १९३५ च्या फ्रेंच कायद्यातील तत्त्व महाराष्ट्राने स्वीकारले, पण ते एका आलेल्या वेलीसाठी. मोहाच्या बाबतीत २०२१ मध्ये फुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध शासनाने सैल केले. परवान्यावाचून दारू काढणे हा गुन्हा कायम आहे.

या विषयाची साधने म्हणून आबकारी अहवालांखेरीज दुसरीकडे पाहावे लागेल. गुन्ह्यांच्या पंचनाम्यांत भट्टीच्या भांड्यांची वर्णने आहेत, ती गुन्ह्यापलीकडच्या दृष्टीने वाचावी लागतील. सोयरीक व श्राद्ध यांच्या वेळची बोलणी, भिली व मावची बोलींतील वास, धार व फेस यांचे शब्द, कोणत्या माळावरच्या कोणत्या झाडाला वेगळे नाव आहे याची माहिती, हे सारे अजून वृद्धांकडून मिळू शकते. विचारणाऱ्याने फुलांच्या हंगामात, पहाटे, झाडाखाली विचारावे. दुपारी चावडीवर विचारले की उत्तर अंशातच मिळते.